घरी धुतलेल्या फिल्मवर चरे पडतायत, रापणीचे तीन रोल गेले. मदत हवी आहे

माडाखालचा
रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. वर्षभर इथलं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी मालवण तालुक्यातला, देवबागच्या बाजूचा. मामाचा जुना मॅन्युअल कॅमेरा हाती आल्यापासून ३५ मिमी ब्लॅक अँड व्हाइट रोल वापरतो आणि घरीच धुतो. यंदा एकच काम मनावर घेतलंय, आमच्या वाड्यावरच्या रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायच्या मोठ्या जाळ्याचे फोटो. आजोबांच्या तरुणपणी दोराला लागायची तेवढी माणसं आता वाड्यात राहिलेली नाहीत. आजोबा अजून किनाऱ्यावर येतात. ओढवत नाही, तरी दोराला हात लावल्याशिवाय घरी जात नाहीत.

तीन रोल झाले आणि तिन्हींवर चरे आहेत. दोन प्रकारचे. एक म्हणजे लांबलचक सरळ रेघा, फिल्मच्या कडेच्या भोकांच्या ओळीला समांतर, पट्टीने मारल्यासारख्या. दुसरे बारीक, किंचित वाकडे, झुबक्याने पडलेले, दर फ्रेमला वेगळ्या जागी. आजोबा दोर खांद्यावर घेऊन मागे रेललेत आणि लाट पायाशी फुटतेय असा एक फोटो आहे. त्यातली सरळ रेघ बरोब्बर त्यांच्या डोळ्यातून गेलीय. स्कॅन उघडून बघितलं आणि त्या रात्री जेवण गेलं नाही.

माझी पद्धत: डी-७६ डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) एकास एक, मग साधं पाणी, रॅपिड फिक्सर (ते पक्कं करणारं), नळाखाली २० मिनिटं धुणं. शेवटी दोन बोटांच्या चिमटीत फिल्म धरून वरून खाली पाणी निपटतो आणि गॅलरीत टांगतो. पाणी घरच्या विहिरीचं, पंपाने टाकीत चढवलेलं. पावसाळ्याआधी अजून चार-पाच रोल काढायचेत. ते असे जाऊ नयेत म्हणून विचारतोय.


लालदिवा
रविवार, रात्री ११.२५

उपाय विचारण्याआधी चरे वाचून घ्या. मी रत्नागिरीत स्टुडिओच्या डार्करूममध्ये बरीच वर्षं काढली. तिथे नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचे.

निगेटिव्ह पूर्ण कोरडी असताना ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. एक बाजू चकचकीत दिसेल, ती फिल्मचा आधार, म्हणजे प्लॅस्टिक. दुसरी थोडी निस्तेज, ती इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची. गोंधळ झाला तर कडेचे आकडे बघा, चकचकीत बाजूने बघितलं की ते सुलटे वाचता येतात. आता प्रत्येक चऱ्यावर उजेड सरकवत न्या. ज्या बाजूची चकाकी रेघेवर तुटते, चरा त्या बाजूला.

दुसरी खूण पॉझिटिव्हमध्ये मिळते. चरा आधारावर असेल तर चित्रातलं काहीही गेलेलं नसतं. तिथून जाणारा उजेड फक्त विखुरतो, म्हणून छापल्यावर रेघ पांढरी येते. इमल्शन खरवडलं गेलं असेल तर तिथली चांदीच निघून गेलेली असते, उजेड आरपार जातो आणि रेघ काळी येते. तुमच्या आजोबांच्या डोळ्यातली रेघ पांढरी असेल तर जीव भांड्यात पडू द्या, तो फोटो वाचेल.

तिसरी गोष्ट: सरळ रेघ दोन फ्रेममधल्या कोऱ्या जागेतूनही जाते का? आणि तिन्ही रोलवर कडेपासून तेवढ्याच अंतरावर आहे का? पट्टीने मोजून लिहा. कॅमेऱ्यात फिल्मची चकचकीत बाजू मागच्या झाकणाच्या काळ्या प्रेशर प्लेटवर घासत जाते. इमल्शनची बाजू लेन्सकडे असते आणि फक्त कडांनी रुळांवर टेकते. म्हणून बाजू आणि अंतर या दोनच गोष्टींवरून निम्मा निकाल लागतो.

नखाच्या चंद्रकोरीएवढे काळपट डाग कुठे असतील तर ते वेगळे. धुण्याच्या टँकमधल्या रीलवर चढवताना फिल्म मुडपली की ते पडतात. चऱ्यांत त्यांना धरू नका.


माडाखालचा
सोमवार, दुपारी १.१५

सर, सकाळी शाळेत जायच्या आधी बसून सगळं मोजलं.

सरळ रेघा चकचकीत बाजूला आहेत आणि स्कॅनमध्ये पांढऱ्या. दोन फ्रेममधल्या कोऱ्या जागेतूनही जातात. एक रेघ तिन्ही रोलवर आहे, खालच्या कडेपासून १४ मिमीवर, अगदी सुरुवातीच्या तुकड्यापासून. दुसरी फक्त दुसऱ्या रोलवर, वरच्या बाजूला, अर्ध्याहून पुढे पुसट होत गेलेली. बारीक वाकडे चरे सगळे निस्तेज बाजूला, स्कॅनमध्ये काळे.


जुना_ऑपरेटर
सोमवार, रात्री ८.०५

तिन्ही रोलवर एकाच जागी आहे ती रेघ कॅमेऱ्याची. एकाच रोलवर आहे ती फिल्म ज्यात येते त्या डबीची. माझा धंदा सिनेमाच्या मशिनचा होता, पण फिल्म ती फिल्म.

आमच्या थिएटरात प्रिंट यायची ती मुंबई-पुणे-कोल्हापूर फिरून. पब्लिक म्हणायचं पडद्यावर पाऊस पडतोय. तो सगळा पाऊस चऱ्यांचा. मिनिटाला ९० फूट फिल्म गेटमधून, म्हणजे मशिनच्या भिंगामागच्या खाचेतून जाते, २००० फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपतं. गेटमध्ये वाळूचा एक कण अडकला आणि तुमचं लक्ष नसलं तर बावीस मिनिटांत अख्ख्या रिळावर एक रेघ. रंगीत प्रिंटवर तर रंगावरूनच खोली कळायची. प्रिंटच्या फिल्मला मॅजेंटाचा (किरमिजी) थर सगळ्यांत वर असतो. तो खरवडला की पडद्यावर हिरवी रेघ. त्याखालचा सायनही (आकाशी) गेला की पिवळी. पांढरी दिसली की समजायचं, तळापर्यंत गेलं. हिरवी रेघ दिसली की मी पुढच्या रिळाच्या आधी गेट उघडून पुसायचो, मग मालक कितीही ओरडू दे.

तुमच्याकडे हे दोन प्रकारे झालंय. डबीच्या तोंडाला उजेड अडवायला काळी मखमल असते. फिल्म तिच्यातून बाहेर येते आणि रिवाइंड करताना परत आत जाते, म्हणजे दोनदा. तुम्ही रोल वाळूवर उभं राहून, ओल्या हातांनी बदलता ना? मखमलीत एक कण बसला की झालं. पुढे रेघ पुसट होत गेली म्हणजे कण हळूहळू सरकून निघून गेला. किनाऱ्यावरची वाळू म्हणजे बहुतेक गारगोटी, काच कापते ती. प्लॅस्टिकची काय कथा.

आणि एक सवय आजच सोडा. फिल्म गुंडाळलेली असताना ती सैल वाटली तर बाहेरचं टोक ओढून गुंडाळी आवळायची नाही. आतल्या वेढ्यांवर वेढे घासतात आणि मधे धूळ असेल तर शेकडो बारीक रेघा एका झटक्यात पडतात. नवीन पोऱ्या हमखास हेच करायचा, मी हात धरून थांबवायचो. सैल आहे तर सैल राहू दे.


सुपारीबाग
सोमवार, रात्री ९.५०

कॅमेरा आणि डबीचं काकांनी सांगितलं. मला त्या काळ्या वाकड्या चऱ्यांबद्दल बोलायचंय, कारण ते तुमच्या बोटांचे आहेत, आणि माझे पहिले आठ रोल मी अगदी असेच घालवलेत. मी गुहागरची.

इमल्शन म्हणजे जिलेटिन. पाण्यात गेलं की ते फुगतं, कोरडं असताना असतं त्याच्या कितीतरी पट जाड होतं, आणि जेवढं फुगतं तेवढं मऊ. पाणी जेवढं गरम तेवढं जास्त फुगणार. पुस्तकातल्या सगळ्या वेळा २० अंशांच्या. आपल्याकडे मार्चमध्ये पहाटे पाचला टाकीचं पाणी मी मोजलंय, २७. दुपारी छपरावरच्या काळ्या टाकीतून येतं त्याला हात लावायला नको. तुम्ही वीस मिनिटं त्या पाण्याखाली फिल्म धरता, म्हणजे वीस मिनिटं जिलेटिन फुगवता, आणि ते सर्वांत मऊ झालं की त्यावरून बोटं ओढता. विहिरीचं पाणी म्हणजे जांभ्याची बारीक रेव त्यात थोडी तरी असणारच. ती इमल्शनवर बसलेली असते. दाबून ओढल्यावर ती नांगर धरते.

माझं ऐका आणि ओल्या फिल्मला काहीच लावू नका. बोटं नको, स्पंज नको, रबरी पट्टीचा चिमटा नको, शॅमॉयचं मऊ कातडं नको. टँकमधून रील काढल्यापासून फिल्म कोरडी होईपर्यंत तिला फक्त दोन टोकांच्या क्लिपा लागल्या पाहिजेत.

मी काय करते ते लिहिते. धुणं नळाखाली करत नाही. इलफर्डची एक जुनी पद्धत आहे: टँक भरायचा, ५ वेळा उलटापालटा करायचा, पाणी ओतायचं; पुन्हा भरून १० वेळा; पुन्हा भरून २० वेळा. संपलं. नॉन-हार्डनिंग फिक्सर (जिलेटिन कडक न करणारा) असेल तर एवढं पुरतं. तीन टँक पाणी लागतं, म्हणजे ते गाळून, गार करून आधीच बाटल्यांत भरून ठेवता येतं. मी दुहेरी सुती फडक्यातून गाळते आणि मग घरगुती फिल्टरमधून काढते. माठात ठेवून बघितलं होतं, पण आपली हवा दमट, पाणी झिरपून उडत नाही, देशावर होतं तसं गार काही होत नाही. म्हणून घमेल्यात पाणी आणि बर्फ, त्यात डेव्हलपर, फिक्सर, धुण्याच्या पाण्याच्या बाटल्या सगळ्या एकत्र उभ्या. सगळ्यांचं तापमान एक होईपर्यंत थांबायचं. डेव्हलपर २० ला आणि धुणं २९ ला असं केलंत तर जिलेटिनला धक्का बसतो, सुरकुत्या पडतात, आणि त्या कशानेच जात नाहीत. २० जमत नसेल तर सगळंच २४ ला करा आणि डेव्हलपरची वेळ तक्त्याप्रमाणे कमी करा. आकडा थोडा चढा चालेल, पण पहिल्या बाटलीपासून शेवटच्या बाटलीपर्यंत तोच हवा.

शेवटचं पाणी डिस्टिल्ड. गाडीच्या बॅटरीत टाकायला गॅरेजवर कॅन मिळतो तो. नीट वाचून घ्या, शेजारीच ऍसिडचाही कॅन असतो. त्यात फोटो-फ्लो (पाणी थेंब न धरता उतरावं म्हणून घालायचं द्रव), एकास दोनशे, म्हणजे ५०० मिलिलिटरला अडीच मिलिलिटर, इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून. जास्त घातलं तर चिकट थर राहतो. अर्धा मिनिट बुडवायची, उचलायची, टांगायची. पाणी आपोआप एका पडद्यासारखं खाली उतरतं. ते उतरताना बघत उभं राहायचं आणि हात पाठीमागे बांधायचे. पहिल्या वेळी फार जड जातं.


घाटमाथा
मंगळवार, सकाळी ७.३०

ताई, थोडा वेगळा अनुभव. मी कोल्हापूरचा. पंधरा वर्षं रबरी पट्टीच्या चिमट्याने फिल्म निपटतोय, चरा पडलेला नाही. निपटलं नाही तर आमच्याकडच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात आणि ते चऱ्यांपेक्षा वाईट. पट्टी आधी ओली करून, स्वच्छ धुवून, हलक्या हाताने वापरली तर काही होत नाही. सरसकट नको म्हणणं मला पटत नाही.


सुपारीबाग
मंगळवार, सकाळी ९.१०

तुम्हाला चरा पडला नाही हे मी खरं मानते. पण पंधरा वर्षांत एकदा जरी त्या रबरात कण बसला तर एक नाही, छत्तीस फ्रेम जातात. दीड मीटरहून लांब फिल्म एका ओढीत त्याखालून जाते. डागांचं म्हणाल तर डाग पुन्हा धुवून निघतो, चांदी परत येत नाही. डिस्टिल्ड पाणी वापरलं की डाग पडतच नाहीत, मग निपटायचं कशाला? आणि कोल्हापुरात थंडीत पाणी १८-२० अंशांचं मिळत असेल. ते सुख आम्हाला बारा महिन्यांत एकदाही नाही. याच पाण्यात तुमचा चिमटा इथे वापरा आणि मग सांगा.


घाटमाथा
मंगळवार, सकाळी ९.४०

पाण्याच्या तापमानाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. बरोबर आहे. डिस्टिल्ड करून बघतो.


लालदिवा
मंगळवार, रात्री १०.००

तुरटीचा विषय निघायलाच हवा होता, म्हणून मीच काढतो. आमच्या स्टुडिओत एसी नव्हता. एप्रिल-मे मध्ये इंदूचे रोल, ते आपल्या उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे, तीस अंशांच्या पाण्यातून काढायचो आणि तरी चरे पडायचे नाहीत. कारण फिक्सरमध्ये हार्डनर असायचा. पोटॅशियम ऍलम, म्हणजे तुरटीच. ती जिलेटिनच्या धाग्यांना एकमेकांशी बांधून टाकते, त्यामुळे ते कमी फुगतं आणि कडक होतं.

पण कोणी कृपा करून दाढीची तुरटी हायपोत, म्हणजे फिक्सरच्या मूळ रसायनात टाकू नका. आम्लाचा आणि सल्फाइटचा मेळ नसेल तर पांढरा साका बसतो, तो फिल्मवर चिकटतो, आणि त्यानेच नवे चरे पडतात. कोडॅकचं एफ-५ हे जुनं, खात्रीचं सूत्र आहे. ५० अंशांच्या ६०० मिलिलिटर पाण्यात हायपोचे खडे २४० ग्रॅम, मग सोडियम सल्फाइट १५ ग्रॅम, २८ टक्क्यांचं ऍसिटिक ऍसिड ४८ मिलिलिटर, बोरिक ऍसिड साडेसात ग्रॅम, शेवटी पोटॅशियम ऍलम १५ ग्रॅम, आणि पाणी घालून एक लिटर. याच क्रमाने, आधीचं पूर्ण विरघळल्यावर पुढचं. खिडकी उघडी ठेवा, आम्लाचा वास नाकात जातो.

याची किंमतही सांगतो. कडक झालेल्या जिलेटिनमधून हायपो सावकाश सुटतो. ताईंनी सांगितलेली पाच-दहा-वीसची पद्धत याला चालणार नाही, वाहत्या पाण्यात अर्धा तास धुवावं लागतं. म्हणजे पाणी पुन्हा जास्त लागणार. आजकालच्या मोठ्या कंपन्यांच्या फिल्म कारखान्यातच बऱ्यापैकी कडक करून येतात, आणि इलफर्ड तर साधा फिक्सरच वापरा म्हणतं. तेव्हा २४ अंशांपर्यंत थांबवता येत असेल तर तुरटीच्या मागे लागू नका. बर्फ मिळत नसेल, वीज गेली असेल, पाणी तिशीला पोचलं असेल, तर एफ-५.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, ताईंची बर्फाची घमेली बरी.


खाजणकाठ
बुधवार, सकाळी ६.५५

मालवणीत सांगतंय, आमच्या गाववाल्याक बरां वाटात. माका वाटता रील ओलां आसा काय ता पयलां बघ.

प्लॅस्टिकच्या रीलमध्ये पाण्याचा एक थेंब राहिला किंवा चेंजिंग बॅगमध्ये (रोल चढवायच्या अंधाऱ्या पिशवीत) हाताला घाम सुटला की फिल्म मध्येच अडकते. मग आपण ती जोर लावून ढकलतो, मागे ओढतो, पुन्हा ढकलतो, आणि इमल्शन खोबणीत घासत राहतं. मी बॅग वापरणं सोडलं. रात्री दहानंतर, खोलीला काळा पडदा लावून, पंखा चालू ठेवून, उघड्या अंधारात चढवतो. रील आदल्या दिवशी उन्हात वाळवलेलं. फिल्मचं टोक कापताना दोन्ही कोपरे किंचित गोल करतो. आणि डबी ओपनरने उघडून फिल्म बाहेर काढतो, मखमलीतून तिसऱ्यांदा ओढत नाही.

वाळवण्याचं: गॅलरीत नको रे. खाऱ्या वाऱ्याची धूळ आणि चिलटं, दोन्ही ओल्या जिलेटिनवर चिकटतात. रिकामं लोखंडी कपाट, वर तार, खाली क्लिपेला वजन, दार बंद. पावसाळ्यात कपाटाच्या तळाशी छोटा बल्ब लावतो, नाहीतर रात्रभरातही चिकटपणा जात नाही. पूर्ण कोरडी झाल्याशिवाय कव्हरमध्ये घालायची नाही. पॉलिप्रोपिलीनची कव्हरं घे, पीव्हीसीची नको. आणि फिल्म कव्हरमधून ओढून काढायची नाही, कव्हर वाकवून उघडायचं.


समुद्रशिंपला
बुधवार, दुपारी १२.२०

वाचनखूण साठवली. माझ्याकडे बाबांच्या जुन्या निगेटिव्ह आहेत, त्यांवर बुरशी आणि चरे दोन्ही आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढते.


माडाखालचा
शनिवार, रात्री ११.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस हेच करत होतो.

ऑपरेटर काका, तुम्ही म्हणालात म्हणून कॅमेऱ्याची परीक्षा घेतली. मुदत संपलेला एक रोल पडून होता. तो भरला, शेवटापर्यंत पुढे सरकवला, आणि रिवाइंड न करता उजेडातच झाकण उघडलं. चकचकीत बाजू तिरकी धरली. १४ मिमीवर रेघ. म्हणजे डबीत परत जायच्या आधीच पडलेली.

प्रेशर प्लेट डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसत होती. ब्लोअर मारला, काही उडालं नाही. मग कापसाचा बोळा हलकेच सगळीकडे फिरवला. खालच्या बाजूला एका जागी कापसाचा तंतू अडकला. ५० मिमीची लेन्स उलटी धरून भिंगासारखी वापरली तेव्हा दिसलं. खसखशीच्या दाण्याच्या दहाव्या हिश्शाएवढा एक कण, त्याच्या भोवती पांढरट कड. त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा तीनदा फिरवला, हलला नाही. मग लक्षात आलं, ती कड मिठाची आहे. मीठ अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. डिस्टिल्ड पाण्यात बोळा भिजवून, पिळून, एक मिनिट त्यावर नुसता टेकवून ठेवला. कड गेली आणि कण बोळ्यावर आला. नंतर अल्कोहोलने पुसून कोरडं केलं. शटरच्या पडद्याला कुठेही हात लागू दिला नाही. त्याच रोलची फिल्म पुन्हा ओढून बघितली, नवी रेघ नाही.

म्हणजे समुद्राच्या तुषारांनी वाळूचा कण तिथे चिकटवला, मीठ सुकलं आणि तो पक्का बसला. मी इतके दिवस नुसता ब्लोअर मारत होतो.

काल पहाटे रापणीला गेलो ते रोल घरून भरून, आणि दुसरा रोल झिप लावलेल्या पिशवीत. बदलायची वेळ आली तेव्हा बहीण सोबत होती. तिने गोड्या पाण्याची बाटली ओतून माझे हात धुतले, टॉवेल दिला, आणि मी वाळू सोडून वर माडांपाशी जाऊन, वाऱ्याकडे पाठ करून रोल बदलला. आज घमेली, बर्फ, सगळं २४ वर. पाच, दहा, वीस. गॅरेजचं पाणी. फिल्म टांगली आणि ताई, खरंच हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. पाणी उतरताना वरून खालपर्यंत दिसलं.

आत्ता कपाट उघडलं. ३६ फ्रेम. सरळ रेघ एकही नाही, काळे वाकडे चरे एकही नाहीत. एका फ्रेमच्या कोपऱ्यात एक चिलट आहे, कपाटात कसं शिरलं कुणास ठाऊक.

आता फक्त आजोबांची ती एक निगेटिव्ह राहिलीय. सर, ती वाचेल असं तुम्ही म्हणाला होतात.


लालदिवा
रविवार, सकाळी ८.४५

वाचेल. रेघ आधारावर आहे म्हणजे प्लॅस्टिकमध्ये एक चर पडलीय, तिच्या काठांवर उजेड वाकतो आणि विखुरतो, एवढाच रोग. ती चर प्लॅस्टिकसारख्याच उजेडाला वागवणाऱ्या कशाने तरी भरली की रेघ दिसेनाशी होते. फिल्मच्या प्लॅस्टिकचा, म्हणजे ट्रायऍसिटेटचा वक्रीभवनांक (उजेड किती वाकवतं ते माप) १.४८ च्या आसपास आणि ग्लिसरिनचा १.४७. औषधांच्या दुकानात मिळतं ते साधं ग्लिसरिन.

आधी निगेटिव्हची एक चांगली प्रत स्कॅन करून ठेवा. मग दुसऱ्या कुठल्यातरी वाया गेलेल्या फ्रेमवर सराव करा. मऊ, धुतलेल्या सुती कपड्याच्या टोकावर ग्लिसरिनचा अगदी पुसटसा अंश घ्या आणि चकचकीत बाजूने, रेघेच्या दिशेने एकदाच फिरवा. इमल्शनला लागू देऊ नका, ग्लिसरिन पाणी ओढून घेतं. स्कॅन करा, आणि लगेच पुसून टाका. आमच्या वेळचे प्रिंटर ग्लिसरिनही शोधत बसायचे नाहीत, नाकाच्या कडेवरून बोट फिरवून ते तेल लावायचे. मीही शेकडो निगेटिव्हवर लावलंय आणि ते उत्तम चालतं.

स्कॅनरवर इन्फ्रारेडने चरे पुसायचं बटण असेल तर ते बंद ठेवा. चांदीच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मला ते चालत नाही, चांदीच इन्फ्रारेड अडवते आणि यंत्राला सगळं चित्रच चरा वाटतं. सी-४१ पद्धतीने धुवायच्या रंगीत रोलला मात्र खुशाल वापरा.

काळे चरे असलेल्या फ्रेमचं थोडं कठीण आहे. अगदी उथळ असतील तर निगेटिव्ह पुन्हा भिजवली की जिलेटिन फुगून काठ जवळ येतात आणि सुकताना चरा बुजतो. सिनेमाच्या लॅबमध्ये हे रीतसर करायचे. काका सांगतील.


जुना_ऑपरेटर
रविवार, सकाळी १०.३०

होय, प्रिंट पुन्हा धुवून काढायचे. आणि चकचकीत बाजूच्या चऱ्यांसाठी लॅबमध्ये फिल्म द्रावणात बुडवूनच छापायचे, सर म्हणतात तीच चर भरण्याची गोष्ट. पण चांदी गेलेली जागा भिजवून भरत नाही. खोल चरे स्कॅनमध्येच हाताने मिटवा.

मुला, त्या चिलटाला कोरडं झाल्यावर नखाने काढू नकोस.


माडाखालचा
रविवार, रात्री ९.२०

सराव तीन फ्रेमवर केला. मग ती घेतली. ग्लिसरिन जरा जास्तच लागलं पहिल्यांदा, कडेला ओघळ आला, पुसून पुन्हा लावलं. स्कॅन उघडला तेव्हा डोळ्याच्या बाहुलीपासून कानापर्यंतची रेघ गेली होती. कपाळावर थोडी आहे अजून, सुरकुत्यांमध्ये, मी तशीच ठेवलीय.

आजोबांना फोनवर दाखवला. ते फोटोकडे कमी आणि मागच्या दोराकडे जास्त बघत होते. म्हणाले, दोराक गाठ चुकीची मारली हा रे, कोणी मारली ती?